सार्वजनिक घर

मराठीत 'पब' हा शब्द मागल्या दाराने आला, आणि आला तोच बदनाम होऊन. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत तो वाचला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो काळोख, कानठळ्या बसवणारे संगीत, दारावरचा आडदांड रखवालदार आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातील संस्कृतीविषयक अग्रलेख. मूळ शब्दात ह्यांपैकी काहीही नाही. 'पब्लिक हाउस' ह्या दोन शब्दांचे ते लघुरूप; शब्दशः अर्थ करायचा तर 'सार्वजनिक घर'. मालक माडीवर राहतो आणि घराची पुढची खोली गावासाठी उघडी ठेवतो, अशी ती मूळची कल्पना. आपल्याकडच्या शब्दांत हे घर सापडत नाही. गुत्ता, पिठा, ताडी-माडीचे दुकान, देशी दारूचे सरकारमान्य दुकान, आणि सर्वांत बोलका शब्द म्हणजे 'परमिट रूम'. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याच्या खिशात परवाना असणे आवश्यक ठरवले, त्या कायद्याचे हे अपत्य. एका भाषेने घर म्हटले, दुसरीने परवानगी. पिण्याच्या जागेकडे दोन समाज कसे पाहतात ते एवढ्यावरून बरेचसे कळते.

मराठी बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध लढे दिले, मतपत्रिकेवर 'आडवी बाटली' निवडून गावोगावची दुकाने बंद पाडली, ह्या इतिहासाचा आम्हांला विसर पडलेला नाही. ज्या घरांतून पगाराचे पाकीट परस्पर गुत्त्यावर गेले, त्या घरांना 'सार्वजनिक घरा'चे कौतुक सांगायला जाणे हा उद्धटपणा होईल. प्रस्तुत लेखाचे जे 'आम्ही' आहोत, त्या दोघांपैकी एक बिअर पितो आणि एक मद्याला शिवत नाही. न पिणाऱ्यासही पबमध्ये बसावेसे का वाटले, हाच खरे तर ह्या लेखाचा विषय आहे.

लंडनमध्ये ब्लूम्सबरीच्या पूर्व अंगाला लॅम्ब्ज कॉन्डिट स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे. दक्षिणेला थिओबाल्ड्ज रोड आणि उत्तरेला गिल्फर्ड स्ट्रीट. रमतगमत चाललो तरी पाच मिनिटांत संपतो. आम्ही ग्रेज इन पाहून तिकडे वळलो होतो. कायद्याच्या अभ्यासकांची ती जुनी वसाहत मराठी माणसाला परकी वाटत नाही. सावरकरांनी तेथे १९०६ साली प्रवेश घेतला आणि १९०९ साली त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली तेथे नाव नोंदवले, मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना परतावे लागले, आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. ग्रेज इनच्या बागेचे कुंपण थिओबाल्ड्ज रोडला लागूनच आहे. रस्ता ओलांडला की पलीकडे, थोड्या पावलांवर, लॅम्ब्ज कॉन्डिट स्ट्रीट सुरू होतो.

हा रस्ता आज झोकदार आहे. 'ट्रेंडी' म्हणतात तसा. बड्या साखळी दुकानांच्या पाट्या येथे फारशा दिसत नाहीत, आणि तोच ह्या रस्त्याचा तोरा आहे. पुरुषांचे बेतून शिवलेले कोट, हाताने केलेली पादत्राणे, चष्म्याच्या चौकटी, कॉफीची दुकाने. २०१५ साली उघडलेले 'नोबल रॉट' हे वाइनचे उपाहारगृह येथलेच. विस्मृतीत गेलेल्या लेखिकांची पुस्तके राखाडी वेष्टनात पुन्हा छापणारे 'पर्सेफनी बुक्स' हे प्रकाशनगृह वीस वर्षे ह्याच रस्त्यावर होते. २०२१ साली ते बाथ शहरी गेले. ह्या भागातील बरीचशी जमीन रग्बी शाळेची. १५६७ साली लॉरेन्स शेरिफ नावाच्या वाण्याने ती शाळेला मृत्युपत्राने दिली. त्यामुळे शेजारच्या गल्लीला रग्बी स्ट्रीट म्हणतात. त्या गल्लीतल्या १८ क्रमांकाच्या घरात कवी टेड ह्यूज राहत असे. त्याचे आणि सिल्व्हिया प्लाथचे लग्न १९५६ च्या जून महिन्यात येथून जवळच, क्वीन स्क्वेअरच्या चर्चमध्ये लागले. चार्ल्स डिकन्सचे १८३७ ते १८३९ ह्या काळातील घर डाउटी स्ट्रीटवर, तेही हाकेच्या अंतरावर. असा हा साहित्याने माखलेला परिसर. येथल्या कोटांच्या किमती पाहताना साहित्याचा त्यांत किती वाटा असावा, ह्याचा हिशेब आमच्या मनात चालू होता.

रस्त्याचे नाव मात्र पाण्यावरून पडले आहे. लॅम्ब म्हणजे कोकरू, म्हणून कोणी कोकरांचा बाजार कल्पील. परंतु हा लॅम्ब म्हणजे विल्यम लॅम्ब नावाचा एक कापड-व्यावसायिक. 'कॉन्डिट' म्हणजे पाण्याचा पाट. १५७७ साली ह्या गृहस्थाने पंधराशे पौंड खर्च करून येथले पाणी स्नो हिलपर्यंत नेणारी जुनी नळयोजना दुरुस्त करून दिली. शिवाय गरीब बायकांना पाणी वाहून विकता यावे, पोट भरता यावे, म्हणून त्याने १२० बादल्या वाटल्या. त्या काळी पंधराशे पौंड ही फार मोठी रक्कम होती. आमच्या लक्षात मात्र बादल्याच राहिल्या. पाणी देणाऱ्याला पाणी वाहणारीचीही आठवण राहिली. पुढे नळयोजना कालबाह्य झाली, रस्त्याला नाव उरले, आणि रस्त्यावरच्या मद्यगृहानेही तेच नाव घेतले. पाण्याच्या दात्याचे नाव मद्यालयाला मिळावे, ह्यावर एखाद्या जुन्या विनोदी लेखकाने पानभर कोटी केली असती.

९४ क्रमांकाचा हा 'लॅम्ब' म्हणजे अठराव्या शतकातील इमारतीत व्हिक्टोरियन काळी सजवलेला पब. दर्शनी भागाला हिरव्या चकचकीत फरशा. आत मधोमध नालेच्या आकाराचा लाकडी ओटा. त्याच्या आतल्या बाजूला वाढपी, बाहेरच्या बाजूला आपण. भिंतींवर जुन्या संगीत-रंगभूमीवरील नटनट्यांची पिवळी पडलेली छायाचित्रे. जवळच हाय होबर्नवर होबर्न एम्पायर नावाचे नाट्यगृह होते. १९४१ च्या बाँबवर्षावात ते निकामी झाले आणि १९६० साली पाडले गेले. ती माणसे आता ह्या भिंतीवर वस्तीला आहेत. कोपऱ्यात पॉलिफोन नावाचे, धातूच्या छिद्रांकित तबकडीवर वाजणारे एक जुने वाद्य उभे आहे. एवढे सोडले तर संगीत नाही, दूरदर्शन संच नाही. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि खोलीत आवाज होता तो केवळ माणसांच्या बोलण्याचा. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली 'द मून अंडर वॉटर' ह्या लेखात आपल्या आदर्श पबचे वर्णन केले, त्यात बोलता येण्याजोगी शांतता ही एक मुख्य अट होती. लेखाच्या अखेरीस त्याने असा पब अस्तित्वातच नसल्याचे सांगून टाकले. ही एक अट तरी आम्हांला येथे पुरी झालेली दिसली.

आमच्यातल्या पिणाऱ्याने 'रिअल एल' मागितली. ही बिअर पिंपात असतानाही जिवंत असते. तिच्यातले यीस्ट काम करत राहते. बाहेरून वायूचा दाब न देता ती तळघरातून हातपंपाने वर ओढतात. साधारण बारा-तेरा अंशांवर, म्हणजे आपल्या माठातल्या पाण्याहूनही थोडी गार, आणि एकदा पिंप उघडले की तीनेक दिवसांत संपवावी लागते. म्हणूनच ती ठेवणाऱ्या पबाला रोज येणारी माणसे लागतात. महिन्यातून एकदा येणाऱ्या हौशी प्रवाशांवर हे पिंप चालत नाही. १९७१ साली काही मंडळींनी ह्या बिअरच्या रक्षणार्थ 'काम्रा' नावाची चळवळ उभारली. ती ग्राहकांची चळवळ होती, परंतु नकळत शेजाराचीही ठरली. कारण शेजार नसेल तर पिंप आंबते. न पिणाऱ्याने लिंबू घातलेला सोडा मागितला. वाढप्याने भुवईसुद्धा उचलली नाही.

मेजावर येऊन विचारणारा कोणी येथे नसतो. स्वतः ओट्याशी जाऊन मागायचे. रांगही दिसत नाही. ओट्याशी माणसे कशीही उभी असतात, आणि तरीही कोण आधी आले ते सर्वांना ठाऊक असते. आमच्यानंतर आलेल्या एका गृहस्थाला वाढप्याने विचारले, तेव्हा त्याने आमच्याकडे हात करून 'आधी हे' म्हटले. ह्या अदृश्य रांगेत आपला क्रमांक कोणीतरी ध्यानात ठेवला आहे, ही भावना परक्या शहरात फार मोलाची असते. एस.टी. स्थानकावर वाढलेल्या माणसाला तर विशेषच.

ह्या ओट्यावर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, लाकडी चौकटींत नक्षीदार दुधी काचांची लहान लहान तावदाने बसवलेली आहेत. मधल्या आसाभोवती ती फिरतात. 'लॅम्ब' ज्या गोष्टीसाठी जाणकारांत प्रसिद्ध आहे ती हीच. ह्यांना 'स्नॉब स्क्रीन' म्हणतात. व्हिक्टोरियन पबमध्ये एकच खोली नसे. मजुरांची 'पब्लिक बार', त्याहून बऱ्या लोकांची 'सलून बार', अशा लाकडी पडद्यांनी पाडलेल्या खोल्या असत. एकाच पिंपातली बिअर एका खोलीत स्वस्त आणि दुसरीत महाग. मात्र मधला ओटा सामाईक असल्यामुळे ह्या खोलीतून त्या खोलीतले दिसे. प्रतिष्ठितांना आपण पिताना मजुरांच्या अथवा वाढप्याच्या नजरेस पडणे नको असे. म्हणून ही तावदाने. तावदान लावून घ्यायचे, खालच्या फटीतून हात पुढे करायचा, पेला घ्यायचा. हात दिसे, तोंड दिसत नसे.

ही फट पाहताना आम्हां दोघांना एकच चित्र आठवले, आणि ते लंडनचे नव्हते. गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी, आणि वरून, न शिवता, ओंजळीत ओतलेले पाणी. दोन्ही व्यवस्था एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. लंडनचे तावदान वरच्याने स्वतःला लपवण्यासाठी लावले; आपल्याकडे खालच्याला दूर ठेवले गेले. तावदानाआड उभ्या असलेल्या धनिकाच्या स्पर्शाने बिअर बाटत नव्हती, आणि मजुराच्याही नाही. कष्टाने, दैवाने, पैसा मिळवून मजूर सलून बारमध्ये जाऊ शके. महाडच्या चवदार तळ्यावर जाण्यासाठी पैसा मिळवून भागणार नव्हते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्यानंतर न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल. ज्याने ती ओंजळ भरली तो बॅरिस्टर ह्या रस्त्यापासून पाच मिनिटांवर कायदा शिकत होता. विल्यम लॅम्बच्या बादल्यांची हकीकत त्याच्या वाचनात आली होती की नाही, ह्यावर कल्पनाविलास करण्याचा मोह आम्ही आवरतो. नकाशावर मात्र ही दोन ठिकाणे फार जवळ आहेत.

तेव्हा 'सार्वजनिक' ह्या शब्दाचा अर्थ ह्या घरालाही टप्प्याटप्प्यानेच कळत गेला. विसाव्या शतकात पबांतल्या आडभिंती हळूहळू निघाल्या. 'लॅम्ब'मध्येही आज ओट्याभोवती एकच मोकळी जागा आहे. तावदाने तेवढी राहिली. परंतु लाकडी भिंत निघाली म्हणून सगळ्याच भिंती निघाल्या असे झाले नाही. युद्धोत्तर काळात भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीजमधून आलेल्या कामगारांना अनेक पबांत चांगल्या खोलीत बसू देत नसत. बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक गावी पंजाबी कामगारांच्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने ह्याविरुद्ध आवाज उठवला. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स त्यांच्या निमंत्रणावरून तेथे गेले, त्यांच्यासोबत 'ब्लू गेट्स' नावाच्या पबमध्ये शिरले, आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत त्यांना पेय नाकारण्यात आले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा संमत झाला आणि उपाहारगृहे, पब अशा सार्वजनिक जागी वर्णावरून भेद करणे बेकायदा ठरले. स्त्रियांना आणखी थांबावे लागले. फ्लीट स्ट्रीटवरील 'एल व्हिनो' ह्या वकील-पत्रकारांच्या आवडत्या मद्यगृहात बायकांना ओट्याशी उभे राहून पेय मागता येत नसे. मागल्या खोलीत बसावे लागे. १९८२ साली अपील न्यायालयाने हे १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याविरुद्ध असल्याचे सांगितले. म्हणजे आम्ही दोघे ह्या ओट्याशी सहज कोपरे टेकून उभे होतो, ती सहजता कोणीतरी भांडून मिळवलेली होती. आमच्या आधी भांडलेल्यांची छायाचित्रे मात्र भिंतीवर नाहीत. तेथे नटनट्या आहेत.

हिरव्या चामड्याच्या बाकावर आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. कोट जुना, परंतु घडी मोडलेली नाही. पुढ्यात अर्धा पिंट. बोलण्यास सुरुवात त्यांनीच केली. न पिणाऱ्याच्या पेल्याकडे पाहून 'डॉक्टर की देव?' असे विचारले. 'दोन्ही नाही, आवडत नाही,' म्हटल्यावर ते प्रसन्न हसले. मागच्या नगरपालिकेच्या सदनिकांत ते चाळीसहून अधिक वर्षे राहत होते. नोकरी जवळच्याच एका रुग्णालयात, सामान वाहून नेण्याची. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. रस्त्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. रस्ता पूर्वी कळकट होता, आता देखणा झाला, असे ते म्हणाले. 'मात्र येथे आता माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याइतका कोट मिळतो, आणि दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू हवा असेल तर बस पकडावी लागते.' त्यांच्याबरोबर बसणारे चौघे होते. दोघे वारले, एकजण मुलाकडे किनाऱ्यावरच्या गावी गेला, चौथा घर परवडेना म्हणून शहराच्या कडेला. 'मी उरलो, आणि ही काच,' असे म्हणून त्यांनी समोरचे एक तावदान बोटाने हलकेच फिरवले.

गप्पा रंगल्या तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी पेय आणू का, असे विचारले. त्यांनी फार नम्रपणे नकार दिला. आमच्या मराठी संस्काराला हा नकार शिष्टाचाराचा वाटला आणि आम्ही आग्रह केला. पुन्हा नकार. मग त्यांनीच कारण सांगितले. पबमध्ये कोणी कोणाला पेय पाजले की ती 'राउंड' ठरते. पुढची राउंड घेणाऱ्याची. आम्ही तिघांसाठी आणले तर त्यांना तिघांसाठी आणावे लागणार. मध्य लंडनमध्ये आज एक पिंट सात पौंडांच्या घरात जातो, म्हणजे आपले सातआठशे रुपये. 'मला अर्धा पिंट परवडतो, आणि तो मी माझ्या पैशाने पितो. म्हणून मी येथे बसू शकतो,' ते म्हणाले. 'पाहुणचार घ्यायचा तर घरी घेईन. हे पब्लिक हाउस आहे.'

ह्या वाक्यावर आम्ही त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडे चहा पाजणे हा आतिथ्याचा भाग; पाजणारा यजमान, पिणारा पाहुणा, आणि त्या दोघांत नकळत एक उंची निर्माण होते. राउंडची रीत ही उंची तयार होऊ देत नाही. आज तू, उद्या मी. हिशेब कधीच पुरा होत नाही, म्हणून संबंध तुटत नाही. परंतु ह्या रीतीला एक किमान समानता लागते. पेय जोवर मजुराच्या पगारात बसते तोवर राउंड ही लोकशाही आहे. किंमत वर गेली की तीच रीत माणसाला एकटे पाडते. परत पाजता येणार नाही म्हणून तो कोणाचे घेत नाही, आणि कोणाचे घेत नाही म्हणून कोणाशी जोडला जात नाही. व्हिक्टोरियन तावदानाआड धनिक लपत होता. आज त्याच ओट्याशी, तावदाने उघडी असताना, एका स्वाभिमानी माणसाने अर्ध्या पिंटाआड आसरा घेतला होता.

'लॅम्ब' टिकला आहे, आणि पुढेही टिकेल. इमारत वारसा-सूचीत दुसऱ्या श्रेणीत आहे. तावदानाला हात लावायचा तर परवानगी लागेल. पब चालवणारी यंग्ज ही कंपनी वॉन्ड्सवर्थच्या ज्या राम ब्रुअरीत बिअर करत असे, ती ब्रुअरी २००६ साली बंद झाली. बिअरचा धंदा आधी भागीदारीत, मग परक्या हातांत गेला. कंपनीपाशी पब उरले. इंग्लंडच्या कायद्यानेही पबाची काळजी घेण्यास सुरुवात केली आहे. २०११ च्या स्थानिकता कायद्यानुसार एखादा पब 'लोकवस्तीची ठेव' म्हणून नोंदवता येतो, आणि तो विकायला निघाल्यास वस्तीला पैसे उभारण्यासाठी मुदत मिळते. दक्षिण लंडनमधील नन्हेड येथील 'आयव्ही हाउस' हा पब तेथल्या रहिवाशांनी २०१३ साली असाच विकत घेतला. २०१७ पासून पब पाडायचा किंवा त्याचे दुकान करायचे तर नियोजन-परवानगी सक्तीची झाली. इमारत वाचली, तिचा वापरही बऱ्याच अंशी वाचला. वापरणारा वाचवण्याचे कलम मात्र ह्यांपैकी कशातही नाही. झोकदार रस्त्याला जुना पब हवाच असतो; तो नसता तर रस्ता एवढा झोकदार झाला नसता. त्या पबात रोज बसणारा जुना माणूस मात्र रस्त्याच्या हिशेबात कोठे बसत नाही.

येथे आपल्याकडे पाहणे भाग आहे. मुंबईच्या काळा घोडा चौकात 'वेसाइड इन' नावाचे एक साधे उपाहारगृह होते. अरुण कोलटकर तेथे खिडकीशी बसत, आणि त्या खिडकीतून दिसलेला चौक त्यांच्या २००४ साली निघालेल्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये उतरला. डॉ. आंबेडकरही तेथे बसून लिहीत, असे सांगितले जाते. पुस्तक निघेपर्यंत उपाहारगृह बंद झाले होते. आज तो परिसर मुंबईतील अत्यंत झोकदार परिसरांपैकी एक आहे. कलादालने, कॉफी, कोट, सर्व काही आहे. १९९५ साली मुंबईने वारसा-नियमावली केली, देशात अशा प्रकारची पहिलीच, आणि त्या नियमावलीने कमानी वाचवल्या, कठडे वाचवले, दर्शनी भाग वाचवले. कमानीखाली बसून चहाच्या एका कपावर सकाळ काढण्याचा हक्क नियमावलीत येण्याजोगा नव्हता. इराण्यांच्या हॉटेलांचेही तेच झाले. आपण त्यांवर सुंदर लेख लिहिले, छायाचित्रांची पुस्तके काढली, संगमरवरी मेज आणि काळ्या लाकडी खुर्च्या नव्या महागड्या उपाहारगृहांत जशाच्या तशा नेऊन मांडल्या. लंडनमध्येही इराणी हॉटेलाचे सोंग घेतलेली उपाहारगृहे आहेत, आणि तेथे रांगा लागतात. इराण्याकडे बनमस्का खाणारा गिरणीकामगार त्या रांगेत असण्याचे कारण नाही.

मग ह्या जतनाला अर्थ तो काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर नकारात्मक नाही. तो गृहस्थ उरला, कारण ती काच उरली. 'लॅम्ब'चे एखादे चकचकीत वाइनगृह झाले असते तर अर्धा पिंट मागण्याचीही सोय राहिली नसती. अर्ध्या पिंटावर दोन तास बसणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही, ही रीत जुन्या पबातच टिकते. त्याच्या घराचे भाडे नगरपालिकेच्या दराने असल्यामुळेच तो ह्या वस्तीत आहे. ते घर गेले तर पब असून नसल्यासारखा. म्हणून सार्वजनिक घर वाचवायचे तर आसपासची खाजगी घरे सामान्यांच्या आवाक्यात ठेवणे, हा त्याच कामाचा भाग मानावा लागेल. नक्षीदार काच जपणे त्यामानाने सोपे आहे. विल्यम लॅम्बने नळासोबत बादल्याही दिल्या होत्या, हे येथे पुन्हा ध्यानात घेण्याजोगे आहे.

ह्या रस्त्याच्या उत्तर टोकाला, गिल्फर्ड स्ट्रीटच्या पलीकडे, कोरम्स फील्ड्स नावाचे मैदान आहे. थॉमस कोरम ह्या खलाशाने १७३९ साली सनद मिळवून टाकलेल्या मुलांसाठी संस्था काढली, तिची ही जागा. परतून ओळख पटवता यावी म्हणून आया मुलांसोबत एखादे नाणे, कापडाचा तुकडा ठेवून जात. १९२६ साली संस्था शहराबाहेर गेली, इमारत पाडली गेली, आणि १९३६ साली तेथे मुलांचे क्रीडांगण झाले. प्रवेशद्वाराशी पाटी आहे: सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसांना आत प्रवेश नाही. एखादी जागा कोणासाठी आहे हे इतक्या थोड्या शब्दांत सांगून, त्याबरहुकूम ती चालवणे शक्य असते, ह्याचा हा पुरावा. आम्ही पबमधून निघालो तेव्हा ते गृहस्थ ओट्याशी उभे होते. वाढप्याने न विचारता त्यांच्यापुढे दुसरा अर्धा पिंट ठेवला, आणि त्यांनी खिशातून आधीच मोजून ठेवलेली नाणी काढून ओट्यावर मांडली. आम्ही हात हलवला. दोघांमधले तावदान उघडेच होते, त्यांनीही हलवला.